ऊस मुळासकट खाऊ नये

ही म्हण तुम्हां सर्वांना पाठ आहे. दुसऱ्याच्या चांगुलपणाचा फार फायदा घेऊ नये, असा तिचा अर्थ शाळेत सांगतात. तो बरोबरच आहे. पण ही म्हण कोणी तरी शेतकऱ्यानेच केली असणार. तिचा शेतातला अर्थ आधी बघू.

ऊस तोडताना कोयता जमिनीलगत लावतात. मूळ जमिनीत राहते. त्याला फुटवे येतात. पुढच्या वर्षी बेणे लागत नाही, लागण लागत नाही, तरी खोडवा उभा राहतो. आता कोणी हावरटपणाने मूळही उपटले, तर त्याला काय मिळेल? वीतभर जास्तीचा ऊस मिळेल. आणि खोडवा जाईल.

धंद्याचे असेच आहे. शेती असो, दुधाचा धंदा असो, साखर कारखाना असो की कोपऱ्यावरची पिठाची गिरणी असो. दरसाल जो नफा येतो तो ऊस. ज्याच्या जोरावर नफा येतो ते मूळ. जमीन, पाणी, कामाला येणारी माणसे आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, हे सगळे मूळच. वर्षाच्या शेवटी हातात पैसा दिसला म्हणजे धंदा चांगला चालला असे आपण म्हणतो. पण तो पैसा उसाचा आहे की मुळाचा, हे कोणी विचारत नाही.

यासाठी आता एक शब्द फार ऐकू येतो. शाश्वत. जोडाक्षर आहे, सावकाश वाचा : शा-श्व-त. शाश्वत म्हणजे टिकणारे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका समितीने या विषयावर अहवाल दिला. नॉर्वे देशाच्या पंतप्रधान ब्रुंटलँडबाई तिच्या अध्यक्ष होत्या. त्या अहवालातील मुख्य विचार आपल्या भाषेत असा सांगता येईल : आजची गरज भागवावी, पण नातवंडांच्या ताटातले काढून घेऊन भागवू नये. नॉर्वे आपल्यापासून हजारो मैल लांब. विचार मात्र आपल्या आजीच्या तोंडचा वाटतो की नाही?

आता लांब कशाला जायचे? आपली प्रवरा नदी घ्या.

प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगवते. तिकडे घाटघर-रतनवाडीला पाऊस धो धो पडतो. आपल्या संगमनेरला मात्र वर्षाचा पाऊस जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर. घाटघरला त्याच्या दहापट. इंग्रजांच्या काळात भंडारदऱ्याला धरण बांधले. ते १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही तीरांना कालवे निघाले. पाटाचे पाणी आले आणि खालच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला.

पाणी आले म्हणून शेतकरी लगेच सुखी झाला असे नाही. ऊस पिकला तरी गूळ करून बाजारात न्यायचा. तेथे भाव पडला की सावकाराचे व्याजही निघत नसे. साखर कारखाने होते, पण ते खाजगी कंपन्यांचे. हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतली नावाजलेली. आपल्या जिल्ह्यात अशा कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. खंड मिळे, पण मालकाचाच आपल्या रानावरचा हक्क सुटला. या शेतकऱ्यांना खंडकरी म्हणतात. पुढे १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा झाला, त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी परत मिळण्याचे काम २०१२ साली सुरू झाले. आजोबांनी दिलेली जमीन नातवाला परत मिळाली. मधल्या पिढीचे काय झाले असेल, याचा विचार करा.

मग लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी वेगळी वाट धरली. शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचा. विठ्ठलरावांचे शिक्षण बेताचे होते. पण त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग जमा केले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांना साथ दिली, आणि कारखान्याचे अध्यक्षपदही सांभाळले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असे कारखाने निघाले. आपल्या संगमनेरात भाऊसाहेब थोरातांनी अमृतनगरला कारखाना उभा केला, हे तुम्ही जाणताच.

सहकार म्हणजे काय, हे एका ओळीत सांगतो. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत दर माणशी एकच मत. शंभर एकरवाल्याचे एक, आणि दोन एकरवाल्याचेही एक. ही रीत इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या अठ्ठावीस जणांनी १८४४ साली आपल्या दुकानात घालून दिली. त्यांत बरेच जण विणकर होते. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला. रीत चांगली आहे. पण मत असून वार्षिक सभेला न जाणारा सभासद आणि मत नसलेला माणूस, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. सभेची सूचना टपालाने येते. आता तुम्हांला ती वाचता येते. वाचा, आणि जा.

आता कारखान्याच्या आत जाऊ. एक टन ऊस काट्यावर चढला. त्यातून साखर किती निघते? सुमारे १०० ते ११० किलो. म्हणजे दहा भागांतला एक भाग. बाकीचे नऊ भाग कुठे जातात? बरेचसे पाणीच असते, ते वाफ होऊन उडते. पण सुमारे २८० किलो ओले चिपाड उरते. त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. ते बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी वीज तयार करून विकतात. म्हणजे कोळसा वाचला. रस गाळून स्वच्छ करताना ३५-४० किलो गाळ निघतो. त्याचे खत होते. आणि साखरेचे दाणे वेगळे केल्यावर ४० ते ४५ किलो काळा, दाट पाक उरतो. त्यापासून मद्यार्क काढतात. आता तोच मद्यार्क शुद्ध करून इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळतात. (आपण गाळालाही मळी म्हणतो आणि त्या काळ्या पाकालाही मळीच म्हणतो. म्हणून बोलताना घोटाळा होतो. कारखान्यातले लोक गाळाला प्रेसमड आणि पाकाला मोलॅसिस म्हणतात.)

बघा, किती नेटकी व्यवस्था आहे. आपल्या घरातली आजी जशी ताकाचे, भाताचे, फाटक्या लुगड्याचे काही वाया जाऊ देत नाही, तसा हा कारखाना. टाकाऊ म्हणून जे होते तेच कामाला आले. शाश्वत धंद्याची ही चांगली खूण आहे.

पण एक गोष्ट राहिली, आणि ती मोठी आहे. एक लिटर मद्यार्क काढला की मागे आठ ते बारा लिटर तांबडेकाळे, घाण वासाचे पाणी उरते. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. आता मालकापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट खर्चाची. त्या पाण्यापासून आधी गॅस काढायचा, तो जाळायला वापरायचा. राहिलेले पाणी आटवून जाळायचे, किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचे. बाहेर थेंब जाऊ द्यायचा नाही. यासाठी यंत्रे लागतात, माणसे लागतात. दुसरी वाट फुकटाची. रात्री ओढ्यात सोडून द्यायचे.

ओढ्यात सोडले की काय होते? मासा पाण्यातली हवा घेऊन जगतो. घाण पाण्यातले जंतू ती सगळी हवा खाऊन टाकतात. मासे गुदमरून वर येतात. सकाळी पोरे म्हणतात, आज मासे फुकट मिळाले! विहिरींना तांबूस पाणी लागते. जनावर तोंड लावत नाही. भोई बांधवांचा धंदा बसतो. बायकांना पाण्यासाठी लांब जावे लागते. दवाखान्याचा खर्च वाढतो.

आता मला सांगा, ती वाट फुकटाची होती काय? खर्च झालाच. तो फक्त मालकाच्या वहीत लिहिला गेला नाही. भोयाच्या, गुराख्याच्या, हंडा वाहणाऱ्या बाईच्या वहीत लिहिला गेला. त्यांच्याकडे वहीच नव्हती, म्हणून कोणाला दिसला नाही. या धड्यातली ही गोष्ट दोनदा वाचा. आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारून जो नफा दिसतो, तो नफा नव्हे. ती उधारी आहे, आणि उधारी घेताना देणाऱ्याला विचारलेलेही नाही.

यासाठी कायदा आहे. पाण्याच्या प्रदूषणाचा देशाचा कायदा १९७४ सालचा. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्याही आधीपासून आहे. ओढ्याला घाण पाणी दिसले तर ग्रामसभेत ठराव करून, तारीख-वार घालून, मंडळाला अर्ज करता येतो. पाण्याचा नमुना घ्यायला लावता येतो. नुसते पारावर बसून शिव्या देण्यापेक्षा एक अर्ज बरा.

हे झाले कारखान्याचे. आता शेतकऱ्याच्या बांधावर येऊ, कारण सगळे पाप कारखान्याच्या माथी मारणे सोपे असते.

एक हिशेब मांडू. पाटी घ्या. एक एकर रानात एक मिलिमीटर पाणी उभे केले, तर ते सुमारे ४,००० लिटर होते. पाटाने पाणी देऊन ऊस घेतला, तर पीक तयार होईपर्यंत त्याला साधारण २,००० मिलिमीटर पाणी जाते. म्हणजे ४,००० गुणिले २,०००. किती झाले? ८० लाख लिटर. एकरी ४० टन ऊस धरा. टनाला ११० किलो साखर. एकूण ४,४०० किलो. आता ८० लाखाला ४,४०० ने भागा. एका किलोला सुमारे १,८०० लिटर पाणी आले. चहाच्या कपात आपण दोन चमचे साखर घालतो, ती सुमारे १० ग्रॅम. तिच्यामागे १८ लिटर पाणी. एक भरलेला हंडा! पाहुण्याला चहा देताना आपण हंडाभर पाणी देत असतो.

पाऊस ४०० ते ५०० आणि पीक खाते २,०००. मधली तूट कोण भरतो? धरण भरते आणि विहीर भरते. धरणाचे पाणी एकट्या आपले नाही. प्रवरा पुढे टोक्याला गोदावरीला मिळते. खाली पैठणला जायकवाडी आहे, आणि मराठवाड्यातली माणसे आपल्यासारखीच आभाळाकडे बघतात. २००५ च्या कायद्याने नदीच्या खोऱ्यात पाणी समन्यायाने वाटायचे ठरले आहे. म्हणून दुष्काळी वर्षात भंडारदरा-निळवंड्यातून खाली पाणी सोडावे लागते, आणि भांडणे होतात. आपल्यातही तळेगाव भागाने निळवंड्याच्या पाण्याची किती वाट बघितली! धरणाला मंजुरी १९७० साली, आणि डाव्या कालव्याला पाणी आले २०२३ साली. ज्यांनी मागणी केली त्यांतल्या कितीतरी जणांनी ते पाणी पाहिले नाही. अशा पाण्याने सरी तुडुंब भरून वाहू द्यावी काय?

आणि जास्त पाण्याने नुसते पाणी जाते असेही नाही. रानही जाते. कालव्याकाठच्या भारी काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे पाणी मुरले, निचरा झाला नाही, आणि वर मीठ फुटले. चोपण झालेल्या रानात आधी हरभरा जातो, मग गहू जातो, शेवटी ऊसही पिवळा पडतो. तरी पाण्याची पाळी आली की आपण रात्रीतून दारे धरायला पळतो. मूळ खाल्ले ते असे. हळूहळू. गोड लागत असतानाच.

यावर उपाय आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत. ठिबकाने पाणी दिले तर तीस ते पन्नास टक्के पाणी वाचते. सरकारची मदत मिळते, तरी सुरुवातीचा खर्च आहे हे खरे. पण बिनखर्चाची एक गोष्ट मी सांगतो. पाचट जाळू नका.

एका एकरात तीन ते चार टन पाचट निघते. तोड झाली की आपण काडी लावतो. रात्री आकाश लाल होते. पोरांना मौज वाटते. त्या आगीत जमिनीतले गांडूळ मरते, जंतू मरतात, आणि जे खत फुकट मिळणार होते त्याची राख होते. एकदा एक अण्णा मला म्हणाले, "गुरुजी, पाचट ठेवलं तर उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही, खोडवा फुटत नाही. तुमचं काय जातंय सांगायला?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पाचट नुसते पसरून ठेवले तर अडचण होते. ते सरीत दाबावे लागते, बुडखे मोकळे करावे लागतात. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकतात. ही शिफारस आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आहे. मग पाणी द्यायचे. पाचटाखाली ओल टिकते, तण कमी उगवते, आणि चार-पाच महिन्यांत त्याचे खत होते. अण्णांनी आधी अर्धा एकर करून पाहिले. पुढच्या साली सगळ्या रानात केले. मला सांगायला आले नाहीत, मीच बांधावरून जाताना बघितले.

आता माणसांविषयी. पाण्याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. हा हिशेब मांडताना हात जरा थांबतो.

ऊस तुमच्या रानातून कारखान्यापर्यंत कोण नेतो? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, आपल्याच पाथर्डीतून, नांदगाव-चाळीसगावकडून गाड्या भरून माणसे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. पहाटेच्या थंडीत उठतात. गाडी रात्री आली तर रात्री भरतात. बांबू, चटया आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोड सोडता येत नाही. एखादा दिवस आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

२०१९ साली एक गोष्ट उघड झाली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांनी गर्भपिशवी काढून टाकल्याचे दिसले. शासनाने समिती नेमली. पाहणीत अशा स्त्रियांची संख्या तेरा हजारांहून जास्त निघाली. कित्येक बाया तरुण होत्या. पाळीच्या चार दिवसांत काम बुडू नये, खाडा पडू नये, ही त्यामागची एक भीती होती. साखर गोड असते. ती या वाटेने येते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

मी शाळेत असताना कार्तिकात पटावर नवी नावे चढत. कोप्यांवरची मुले. मोठी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसे. मार्चात गाड्या परत जात आणि ती बाके रिकामी होत. तिकडे गावाकडे गेल्यावर निम्मे वर्ष उलटलेले असे. त्यांतल्या एका मुलीचे अक्षर मोत्यासारखे होते. दोन हंगाम ती आली. तिसऱ्या हंगामात तिच्या हातात कोयता होता.

कोणी म्हणेल, हे दान-धर्माचे बोलणे झाले, यात धंदा कुठे आला? तर ऐका. अलीकडे तोडीला माणूस मिळत नाही अशी ओरड आहे. उसाला तुरे येतात, वजन घटते, टोळी येत नाही. उचल घेऊन मुकादम पळाला अशाही तक्रारी असतात. ज्या कामात आईबाप आपल्या लेकराला घालायला तयार नाहीत, त्या कामाला पुढची पिढी कुठून येणार? त्या हातांवर सगळा कारखाना उभा आहे. ते हातही मूळच आहेत. काही ठिकाणी साखरशाळा चालल्या, मुलांना गावीच ठेवण्यासाठी वसतिगृहे निघाली, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले. हे चांगले झाले. पण कोपीजवळ पिण्याचे पाणी, एक दिवा, बायकांसाठी आडोशाचा संडास, एवढे करायला महामंडळाची वाट कशाला बघायची? ज्याच्या रानाजवळ कोप्या पडतात त्याच्या विहिरीवर पाणी असते.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर सालीना पंधरा टक्के व्याज. भाव ठरतो तो साखर उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये धरले होते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणून उतारा किती धरला आणि तोडणी-वाहतूक किती कापली, हे दोन आकडे महत्त्वाचे. बिल आले की हे दोन आकडे आधी बघावेत, खालची रक्कम मग.

संगमनेरात नुसता ऊस नाही. पाट जेथे पोचत नाही असा डोंगराळ भाग तालुक्यात मोठा आहे. त्यातली दरेवाडी घ्या. पूर्वी डोंगर उघडेबोडके, उन्हाळ्यात टँकर, आणि काम शोधायला बाहेर. १९९६ ते २००१ या काळात तेथे पाणलोटाचे काम झाले. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेने मदत केली, गावाने श्रम केले. समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली, चराई आणि कुऱ्हाड बंद केली. पाणी जिरले, विहिरींना आले, आणि शेतातले काम वर्षातले बरेच महिने मिळू लागले. म्हणजे आधी मूळ जगवले, मग ऊस आला. तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चराई बंद झाली तेव्हा ज्याच्या घरी शेत होते त्याला पुढे पाणी मिळणार होते. ज्याच्या घरी नुसत्या शेळ्या-मेंढ्या होत्या त्याचे काय? धनगर आणि ठाकर घरांना त्या वेळी जास्त झळ बसली, हे अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. डोंगर हिरवा करताना कोणाचे पोट रिकामे होते, हेही सभेत बोलले पाहिजे. नाही तर हिरवा डोंगरही एकाच्या वहीत जमा आणि दुसऱ्याच्या वहीत खर्च.

संगमनेरची विडी तर मुंबईपर्यंत माहीत होती. हजारो बायांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्यावर मुलांची शिक्षणे केली, घरे उभी केली. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला. ते उपकार विसरता येत नाहीत. पण तंबाखूची धूळ वळणारीच्या छातीत जाते आणि धूर ओढणाऱ्याच्या. माल जितका जास्त खपेल तितकी माणसे जास्त आजारी पडतील, असा धंदा किती दिवस टिकावा? तो कमी होत चालला आहे. प्रश्न एवढाच की त्या बायांच्या हाताला दुसरे काम आधी मिळते की नंतर. आपल्याकडे बहुतेक वेळा ते नंतरच मिळते.

दुधाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा धडा आहे. सकाळी डेअरीत दुधाची फॅट लागते आणि दहा दिवसांनी बिल मिळते. संकरित गाय दूध जास्त देते, पण चारा-पाणी जास्त मागते. पेंडीचा भाव वाढला की नफा पातळ होतो. शेण उकिरड्यावर पावसात वाहून गेले तर निम्मा नफा वाहून गेला. तेच गोबरगॅसला घातले तर चूल पेटते, आणि मागे राहिलेली स्लरी शेताला मिळते. आणि दुधात पाणी घालणाऱ्याविषयी मी काही लिहीत नाही. त्याचे गिऱ्हाईकच त्याला लिहून देते.

आता अभ्यास. आपल्या वहीत मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला "मिळाले" लिहा, उजव्या बाजूला "गेले" लिहा. आपला धंदा कोणताही असो. मिळालेले पैसे तुम्ही सहज लिहाल. गेलेल्यांत नुसता रोकड खर्च लिहून थांबू नका. विहिरीचे पाणी गेल्या साली याच महिन्यात किती परसांवर होते आणि आज किती आहे, तेही लिहा. कामाला आलेल्या माणसाची मजुरी कोणत्या वारी द्यायची होती आणि कोणत्या वारी दिली, ते लिहा. आपली घाण, आपला धूर, आपले सांडपाणी कोणाच्या दारात जाते, त्याचे नाव लिहा. ज्यांना दोन एकर ऊस आहे त्यांनी आणखी एक उदाहरण करावे : एकरी ३ टन पाचट धरले, तर ते कुजवायला युरिया किती, सुपर फॉस्फेट किती आणि जिवाणू किती किलो लागतील? उत्तर आले की खाली तारीख घाला आणि सही करा. अंगठा आता नको.